थंय बांगडो कसो?

जगात एकंदर देश किती, ते मला आजही धड सांगता येणार नाही. पण जे काही असतील ते सगळे द्वारकामावशीने एकाच तराजूत तोलले होते, आणि त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कायम एक बांगडा पडलेला असायचा.

डिचोलीच्या मासळीबाजारात शिरलात की डाव्या हाताचा तिसरा ओटा तिचा. ठेंगणी, रुंद, काष्टा घट्ट मारलेला, केसांत अबोलीची वेणी, आणि आवाज असा की तिने "ताजे बांगडे" म्हणून हाक घातली की साखळी गावच्या पुलावरची म्हैस मान वळवून बघायची. हे मी स्वतः पाहिलेले नाही, पण म्हशीच्या मालकाने मला सांगितले, आणि तो माझ्यापेक्षा कमी खोटे बोलत असे.

आखातातून सुटीवर आलेला, बोटीवरून उतरलेला, कोणीही अंगाला अत्तर लावून तिच्या ओट्यापुढे उभा राहिला की मासळीचा भाव सांगायच्या आधी ती विचारायची, "थंय बांगडो कसो?" म्हणजे, तिथे बांगडा काय भाव? तो सांगायचा. मग, "दिसाक पगार कितको?" तोही सांगायचा. मावशी डोळे मिटायची, ओठ हलायचे, आणि निकाल लागायचा. "दिसाक साठ बांगडे. बरो देश." किंवा, "नऊ? मेल्या, नऊ बांगड्यांसाठी इमानात बसलंस? नऊ तर माजां मांजर खाता!" दिनार, डॉलर, पौंड यांच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "नोट कागदाची," ती म्हणायची, "बांगड्याक काटो आसा."

आता माझ्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण या गोष्टीतला गाढव मी आहे.

मी तेव्हा खाणीवरच्या वजनकाट्यावर कारकून होतो. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचा, ट्रक उतरायचा. दिवसभरात मी एवढे टन लिहीत असे की रात्री माझीच मान दुखायची. पण मी बी. कॉम. होतो, आणि ते मी समोरच्याला तिसऱ्या वाक्याच्या आत कळवीत असे. माझ्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात देशोदेशीचा तक्ता: देश, पगार, घरभाडे, खाणेपिणे, कर आणि शेवटी शिल्लक. मस्कत, बाहरीन, कुवेत, लंडन, लिस्बन, ऑस्ट्रेलिया. आकडे मी कुठून आणले? थोडे वर्तमानपत्रांतून, थोडे न्हाव्याच्या दुकानातून आणि उरलेले स्वतःच्या डोक्यातून. ऑस्ट्रेलियाचे संपूर्णच डोक्यातून. ती वही काखेत मारून मी बाजारात फिरायचो तेव्हा लोक मला "अर्थमंत्री" म्हणायचे. मला वाटायचे कौतुकाने.

गोवा नुकताच राज्य झाला होता. मराठी की कोकणी हे भांडण गावागावांतून अजून निवले नव्हते, सख्खे भाऊ एकमेकांशी कुठल्याही भाषेत बोलत नव्हते. मावशीच्या ओट्यावर दोन्ही पक्षांची मंडळी यायची आणि बांगडा दोन्ही भाषांत सारखाच महाग असायचा. मी एकदा तिला म्हटले, "मावशी, आता आपलं राज्य झालं. आता बघ, आपलेही पगार वाढतील."

"मगे सोपो कमी जातलो?" तिने विचारले.

सोपो म्हणजे बाजारात बसायचा नगरपालिकेचा कर. माणूस रोज सकाळी पावतीपुस्तक घेऊन यायचा आणि मावशी रोज त्याच्याशी भांडून तो भरायची.

"सोप्याचा आणि राज्याचा काय संबंध?"

"मगे राज्य माका खंय झाला? तुका झाला आसात."

पुढे एकदा हरमलच्या किनाऱ्यावरून वाट चुकलेला एक उघडाबंब जर्मन बाजारात आला. मी दुभाषा झालो. मावशीने त्याचा पगार विचारला, बांगड्याचा भाव विचारला, आणि सोपो विचारला. तो म्हणाला, पगाराचा तिसरा हिस्सा सरकार घेते. मावशीने त्याला पायांपासून शेंडीपर्यंत न्याहाळले. कमरेला फडके सोडले तर त्याच्या अंगावर काही नव्हते.

"तीन बांगड्यांतलो एक सरकार खाता?" ती हळहळली. "म्हणान बापडो कापडां नसताना फिरता!" आणि तिने त्याला दोन तारले मासे फुकट दिले.

मी मात्र तिला माझ्या तक्त्यातले मस्कत दाखवत होतो. "बघ, कराचा रकाना बघ. शून्य! तिथे कर नाहीच."

"सोपो नाय?"

"नाही."

"मगे बाजार झाडता कोण?"

मी वही उलटून पाहिली. बाजार कोण झाडतो याचा रकाना मी आखलाच नव्हता. "ते आपोआप होतं तिथे," असे मी म्हणालो. बी. कॉम. माणूस अडला की असेच म्हणतो.

मस्कतचा माझा एवढा पुळका उगाच नव्हता. मला तिकडे जायचे होते. म्हापशाला एक एजंट होता. वर एसीचे ऑफिस, भिंतीवर तीन देशांची तीन घड्याळे, आणि बसायला सोफा असा की एकदा बसलेला माणूस सही करूनच उठायचा. त्याला द्यायला पैसा नव्हता. होती ती लाटंबार्से गावातली आईची काजूची बाग. ती विकायची, एजंटला द्यायचे, मस्कतला जायचे, दोन वर्षांत चार बागा घ्यायच्या, असा माझा साधा हिशोब. आईने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "तुका बोलूक येता रे दिगू, हिशोब येयना. द्वारका होय म्हणाली तर मी अंगठो मारतंय."

आई आणि द्वारकामावशी या जुन्या मैत्रिणी. आई बुधवारच्या बाजाराला काजूगर आणि आमसुले घेऊन यायची, मावशी तिला सुकी मासळी द्यायची, पैसा मध्ये येत नसे. तेव्हा माझे सगळे भवितव्य त्या तिसऱ्या ओट्यावर अडकले.

आणि नेमका त्याच वर्षी मावशीचा एकुलता एक मुलगा उल्हास त्याच एजंटाच्या हातून मस्कतला गेला. फिटर म्हणून. फिटरांना एजंट उधारीवर पाठवायचा, कारकुनांकडून रोख घ्यायचा. एजंटाचे पैसे पगारातून फिटेपर्यंत, म्हणजे पहिले सहा महिने, घरी काही येणार नाही असे ठरलेलेच होते. येणार होती फक्त पत्रे. मावशीला अक्षरओळख नव्हती. तिची पत्रे वाचायला डिचोली शहरात एकच लायक माणूस होता, आणि तो ट्रक मोजत असे.

पहिले निळे हवाईपत्र आले. बुधवारी दुपारी बाजार संपल्यावर मी उपड्या खोक्यावर बसलो, मावशी समोर, आई बाजूला. उल्हास तसा घुम्या मुलगा, त्याचे पत्रही तसेच. "आई, मी पोचलो. कॅम्प शहरापासून लांब आहे. खोलीत आठ जण आहोत. ऊन फार. जेवण देतात. काळजी नको." संपले. एवढ्या पत्राला विमानाचे तिकीट लावले याचेच मला वाईट वाटले. दोन म्हाताऱ्या तोंडाकडे बघत होत्या. एक बागेची मालकीण, एक बागेची न्यायाधीश. मी घसा खाकरला आणि वाचले:

"आई, मी सुखरूप पोचलो. इथे एसीची खोली आहे. फ्रिज आपल्या गोठ्याएवढा आहे. साहेब मला उल्हासराव म्हणतात."

"उल्हासराव!" मावशी म्हणाली, आणि पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "तेका लिही, थंय बांगडो कसो तां कळय."

मी लिहिले. महिन्याने दुसरे पत्र आले. त्यात उल्हासने प्रामाणिकपणे लिहिले होते, "बांगड्याचा भाव विचारलास. मला माहीत नाही. बाजार अजून पाहिला नाही." आता हे काय उत्तर झाले? मी वाचले, "बांगडा इथे शंभर बैसांना एक. आपल्या दीड बांगड्याएवढा एक असतो."

मावशीने डोळे मिटले. पगार दिवसाला तीन रियाल, हजार बैसांचा एक रियाल, हे मी तिला आधीच शिकवले होते. ओठ हलले. "दिसाक तीस बांगडे," ती हळू म्हणाली. "आणि ते दीडपट."

"आणि मला खाणीवर?" मी संधी सोडली नाही.

"तुका? तुका सात. आणि सातवो बारको."

आईने आमसुलांचे गाठोडे दोनदा सोडून दोनदा बांधले. बाग हलली, मी मनात म्हटले.

तिसऱ्या पत्रात एक ओळ होती: "पगार अजून हाती दिलेला नाही. पासपोर्ट कंपनीकडे आहे." ती वाचताना जीभ जरा अडली, खोटे कशाला सांगू. पण मी स्वतःला समजावले की पहिला पगार उशिरानेच होतो, आमच्या खाणीवर तर शेवटचाही उशिराने होतो. आणि जिभेला एव्हाना सवय लागली होती. "साहेबाने मला मोटारीतून फिरवले. बांगडा शंभर बैसांनाच आहे."

"शंभरच?" मावशीने विचारले.

"शंभरच!" मी छाती काढून म्हणालो. मला वाटले, भाव वाढला नाही ही आनंदाची बातमी.

चौथे पत्र आले तोवर मी वाचायचेच सोडले होते. म्हणजे पत्र फोडायचो, कागद डोळ्यांपुढे धरायचो आणि थेट बोलू लागायचो. कीर्तनकाराने पोथी समोर ठेवावी तसा. एजंटाकडे बयाणा द्यायचा सोमवार ठरला होता, आणि तेवढे पैसे आईने काजूगराच्या कमाईतून काढून दिले होते. मस्कतसाठी पांढरा टेरिलीनचा शर्ट शिवून तयार होता. त्या बुधवारी मी असा रंगात आलो की उल्हासला समुद्रकाठी बंगला दिला, बागेला माळी दिला, आणि शेवटी सवयीने म्हणालो, "बांगडा शंभर बैसांना एक."

मावशीने हातातला कोयता ओट्यावर आडवा ठेवला.

"दिगू, सकाळी मी बांगडे कशे दिलंय?"

"पाचला... वीस रुपये."

"आणि आता?"

"बारा."

"काल?"

"काल होड्या आल्या नव्हत्या. काल नव्हतेच."

"आणि थंय तीन म्हयने शंभर? वारो सुटलो नाय? जाळां फाटलां नाय? अमावास इली नाय? सकाळी शंभर, सांजेक शंभर, पावसात शंभर?" तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरे झाले असते, म्हशीला तरी कळले असते. "मेल्या, तो बांगडो न्हय, तो रेशनचो तांदूळ!"

पगार घेणाऱ्या माणसाची ही खोड. त्याचा स्वतःचा आकडा वर्षभर हलत नाही, म्हणून त्याला वाटते समुद्राचाही हलत नसेल.

"बोट ठेय," मावशी म्हणाली.

"काय?"

"पयल्या अक्षरार बोट ठेय. आणि बोट चलात तसां वाच. बोट उडला तर तुज्या आवयशीच्या देखत तोडतलंय."

मी बोट ठेवले. आणि ते पत्र त्या दिवशी आम्ही तिघांनी पहिल्यांदा ऐकले, कारण मीही ते वाचलेले नव्हते. "आई, चार महिने पगार नाही. विचारले तर म्हणतात, खाण्याचे कापले, झोपायच्या जागेचे कापले, दोन दिवस तापाने पडलो त्याचे कापले. गेटच्या बाहेर सोडत नाहीत. आधीच्या पत्रांत लिहिले त्याचे तू काहीच उत्तर देत नाहीस. तू रागावलीस का? आई, मला बोलावून घे."

माझे बोट शेवटच्या शब्दावर तसेच राहिले. उचलायचे धैर्य होईना. आई दुसरीकडे बघत होती. मावशीने तो निळा कागद माझ्या बोटाखालून ओढून घेतला, मग म्हणाली, "बघ दिगू, सोपो आसा थंय. पावती नाय, इतकांच."

मग उठली. उरलेले तारले विकायचे तिने सोडून दिले. कोणी भाव विचारला तर म्हणाली, "विकूचे नाय. ह्ये म्हापशाक जातले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही दोघे म्हापशाला निघालो. कालच्या तारल्यांची पाटी माझ्या डोक्यावर होती, ही शिक्षा तिने सांगितली नव्हती, मी विचारलीही नव्हती. अंगात तो टेरिलीनचा शर्ट, कारण एजंटाकडे जायला दुसरा बरा नव्हता. असनोडा येईपर्यंत पाटीतले पाणी कॉलरीतून पाठीवर आणि पाठीवरून जिथे जायचे तिथे गेले होते. बसमध्ये माझ्या मागे-पुढे दोन-दोन बाकडी रिकामी होती. उभे राहायला जागा नव्हती, तरी रिकामी होती.

एजंटाच्या ऑफिसात मावशी सोफ्यावर बसली नाही. बरोबर एसीच्या खाली पाटी ठेवली आणि शेजारी जमिनीवर बैठक मारली.

"मावशी, हें ऑफिस आसा," एजंट नाक धरून म्हणाला.

"मगे? पाटी ठेयली की माजां पण ऑफिस."

"तुका किदें जाय?"

"माजो झील, उल्हास."

त्याने कंपनीचे नाव सांगितले, कराराचे कलम सांगितले, समजूत घातली, दम दिला. मावशी तारल्यांवर पाणी शिंपडत राहिली. थोड्या वेळाने कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून दोन तरुण आत आले. मावशीने त्यांना प्रेमाने जवळ बोलावले. "बाबांनो, खंय चल्लास?"

"मस्कत."

"बरां. ह्या सायबाक पयलां विचारा, थंय बांगडो कसो."

ते हसले, पण त्यांनी विचारले. एजंटाला माहीत नव्हते. त्याने माझ्याकडे बघितले. मी म्हणणार होतो, शंभर बैसा, पण मावशीने माझ्याकडे पाहिले आणि मी नुसते बोट वर केले, कारण त्याच्याखाली अक्षर नव्हते.

"म्हाईत नाय," मावशी त्या मुलांना म्हणाली. "पोरांक धाडता, आणि थंय एक बांगडो खावूक मेळात काय नाय, तां तेका म्हाईत नाय." दोघे जण आलो आलो म्हणत जिना उतरले.

तीन दिवस आम्ही तिथे बसलो. तेच तारले. पहिल्या दिवशी त्यांचा वास एसीने सोफ्यापर्यंत नेला, दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी भिंतीवरची तिन्ही घड्याळे बंद पडली. सेल संपले असतील असे एजंट म्हणतो. मला विचाराल तर वासाने. एवढे खरे की तिसऱ्या दुपारपर्यंत त्या जिन्यावरून नवे गिऱ्हाईक एकही वर आले नाही, आणि माझ्या नाकाला पुढे महिनाभर मोगरा आणि तारला यांतला फरक कळेना. संध्याकाळी एजंटाने आमच्या देखत तार लिहिली, फोन लावला, आरडाओरडा केला, आणि पाटीकडे हात करून रुमालातून म्हणाला, "मावशी, तुजो पूत येता. आतां हें व्हर!"

"येवंदे," मावशी म्हणाली. "मगे व्हरतंय." आणि उल्हासच्या तिकिटाचा कागद हाती पडेपर्यंत, म्हणजे आणखी पाच दिवस, ती रोज पहिल्या बसने जात राहिली. तारले मात्र बदलले. म्हणाली, "जुन्याची सवय लागता माणसाक."

उल्हास आला. विमानतळावर मी गेलो होतो, मला तो ओळखता आला नाही. त्यानेच मला हाक मारली. चार महिन्यांपैकी दोन महिन्यांचे पैसे मिळाले होते, तेही कापून. घरी मावशीने केळीच्या पानावर भात वाढला, बांगड्याचे हुमण वाढले, आणि समोर बसून राहिली. त्याने अकरा बांगडे खाल्ले. तो म्हणतो सहा, पण मी मोजायचेच काम करतो.

हात धुताना त्याने मला विचारले, "दिगूदादा, माझी पत्रे पोचत नव्हती का?"

मी तोंड उघडले. माझ्याकडे तीन उत्तरे तयार होती, तिन्ही उत्तम. तेवढ्यात आतून मावशी म्हणाली, "पोचत होती रे बाबा. आमकांच वाचूक येय नव्हती."

आमकां. ती "तेका" म्हणाली असती तर मी त्या दिवशी सुटलो असतो. पुढच्या बुधवारी मी तिच्या ओट्यापुढे गेलो आणि म्हणालो, "मावशी, मला शिव्या तरी घाल."

ती मुडदुशे साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "दुसऱ्यांदा शंभर म्हणालंस ना, तेवाच माका वास इलो. मासळी इकतंय मी, भाव कळना माका? पण तू वाची होतंस तां गोड होतां. फ्रिज, उल्हासराव... म्हटलां, आणि एक डाव आयकुया. एक म्हयनो मी गप रवलंय दिगू. तो म्हयनो माज्या झिलान उन्हात काढलो." तिने मासळीचे डोके वेगळे केले. "कुसलेलां इकणारो एकटोच नसता रे. घेणारां पण वास येवन घेता."

मी तोवरच्या आयुष्यात प्रथमच गप्प बसलो. बाजारातल्या लोकांना वाटले मला बरे नाही.

बाग राहिली. एजंटाला द्यायचा बयाणा मी आईला परत नेऊन दिला तेव्हा ती म्हणाली, "शर्टाक कसलो वास मारता रे?" लांबट वही मी मावशीच्या ओट्यावर ठेवून आलो. तिने ती वाया घालवली नाही. पुढे वर्षभर डिचोलीतल्या घरांत सुंगटे, म्हणजे कोळंबी, जायची ती कुवेतच्या घरभाड्यात किंवा लंडनच्या करात गुंडाळून. आमच्याही घरी एकदा आली. उलगडून पाहिले, ऑस्ट्रेलिया होता. सगळे आकडे भिजून पुसले गेले होते, आणि खरे सांगतो, त्यामुळे ते अधिक बरोबर झाले होते.

मावशीने मला एकच सोपो लावला. दर बुधवारी दुपारी खोक्यावर बसायचे आणि ज्या कोणाला वाचता येत नाही त्याचे पत्र वाचायचे. बोट ठेवून. आखातातली, बोटींवरची, मुंबईची, तुरुंगातलीही. पत्रात रडू असले तर रडू, शिव्या असल्या तर शिव्या. ती शेजारी मासळी विकत असायची आणि तिचा एक कान माझ्या बोटावर असायचा. मी वीस वर्षे तो भरला. ती गेली त्या बुधवारीही भरला. उल्हास तेव्हा तिच्याच ओट्यावर बसू लागला होता. तेराव्याला त्याने सगळ्यांना जेवू घातले आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाला, जे दुबईहून आले होते, त्याने भाव सांगायच्या आधी विचारले, "थंय बांगडो कसो?" मी पाठ फिरवून उगाच आमसुले निवडत बसलो.

आता मी निवृत्त आहे. अजूनही काहीही वाचताना माझे बोट अक्षराखालून सरकते. बँकेतली मुलगी मला अशिक्षित समजते आणि अंगठ्याची शाई पुढे करते. मी बी. कॉम. आहे हे तिला सांगायची जुनी सुरसुरी येते, पण बोट उचलत नाही.

माझी धाकटी, शिल्पा, नवऱ्याबरोबर लिस्बनला राहते. गेली तेव्हा जावयाने मला मोबाइलवर सुंदर तक्ता दाखवला: पगार इतका, भाडे इतके, कर इतका, शिल्लक इतकी. रंगीत होता. मी बघितला, छान म्हणालो. ती पोचल्यावर पहिल्या फोनला मी विचारले, "बांगडा काय भाव?"

"बाबा, तुमचं काहीतरीच! सगळं मस्त आहे इथे, एकदम मस्त."

सगळे मस्त म्हटल्यावर मला त्या दिवशी जेवण गेले नाही. फ्रिज गोठ्याएवढा असणार. दुसऱ्या फोनलाही तसेच. तिसऱ्या आठवड्यात तिचा निरोप आला. मी चष्मा लावला, बोट ठेवले आणि वाचू लागलो: "बाबा, खोली लहान आहे, थंडीत ओल येते. ह्यांना अजून कायम केलेलं नाही. मला रडू येतं कधीकधी. इथल्या बाजारात बांगडा असतो. शनिवारी स्वस्त होता. काल वारा होता म्हणून महाग. आज पुन्हा उतरला, चार घेतले. आईला सांगा, हुमणात घालायला तिरफळं पाठव."

मी परत वाचले. बोट एकदाही उडू दिले नाही. शनिवारी स्वस्त, काल महाग, आज उतरला.

मग बायकोला हाक मारली आणि म्हणालो, "वाढ. पोरगी बाजाराला जाते आहे."